वीज नसताना उमटलेलं चित्र

सोनुनबूबू आत आली तेव्हा तिच्या अंगाला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

एसेनबाय चहा ओतत होता. किटली हातात धरून तो तिच्याकडे बघतच राहिला. बाई सत्तरीच्या जवळपासची, डोक्याला काळा रुमाल, म्हणजे घरातलं मरण अजून ताजं. बाहेर काराकोल शहराच्या रस्त्यांवर गुडघाभर बर्फ, आणि हिच्या पायांत घरातल्या सपाता.

"बसा," मैरामकान म्हणाली. "व्हिडिओच्या टेप जाळत होतात आणि मध्येच थांबलात. का?"

बाई दचकली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बोटांना फीत वितळून चिकटलीय. आणि पिशवीतून तीन टेप डोकं बाहेर काढून बघतायत. बसा आधी, चहा घ्या."

मैरामकाननं तीस वर्षं पोलिसात तपासाचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर तेच काम ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरून करायची. लोक तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचे. एसेनबाय पूर्वी बस चालवायचा. आता तिची गाडी चालवायचा, तिचे पाहुणे सांभाळायचा आणि तिच्या निम्म्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी लावायचा.

सोनुनबूबूनं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"माझा नवरा मला भेटायला आला होता," ती म्हणाली. "त्याला जाऊन दोन महिने झालेत."

एसेनबायनं किटली खाली ठेवली.

"नीट सांगा. पहिल्यापासून," मैरामकान म्हणाली.

जाकिप हा या भागातला लग्नांचं व्हिडिओ चित्रण करणारा माणूस. चाळीस वर्षांत त्यानं नवरानवरींच्या दोनशेच्या वर टेप भरल्या. मरताना त्यानं बायकोचा हात धरून एकच सांगितलं होतं : "सगळ्या टेप बघ. एकही सोडू नकोस." म्हणून चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, की मी प्रत्येक टेप बघणार आणि ज्याची त्याला देणार. जाकिपचा पुतण्या अझात बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं तिला एक प्रोजेक्टर आणून दिला.

"जोडणी त्यानंच केली?"

"हो. जुन्या यंत्राला तीन वायरी, पिवळी, लाल, पांढरी. नव्या प्रोजेक्टरला ती भोकंच नाहीत. मग त्यानं मध्ये एक डबी बसवली. तिलाही वीज लागते. प्रोजेक्टर छताला उलटा टांगला, तर पहिल्यांदा सगळे वऱ्हाडी डोकं खाली, पाय वर! मी हसले. त्यानं एक बटण दाबलं नि सगळे सरळ झाले. शहाणा आहे पोरगा."

"पडदा कुठे?"

"व्हरांड्याकडच्या मोठ्या खिडकीवर पांढरी चादर लावली."

मंगळवारी संध्याकाळी ती आणि तिची नणंद गुलशारा टेप बघत बसल्या होत्या. सहा वाजता वीज गेली. हिवाळ्यात ठरलेल्या दिवशी जाते, वेळापत्रक कोपऱ्यावरच्या दुकानात चिकटवलेलं असतं. दोघी शेगडीच्या उजेडात तशाच बसून राहिल्या.

"आणि चादर उजळली," सोनुनबूबू म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "प्रोजेक्टरचा पंखा बंद. यंत्र बंद. आणि तो समोर उभा. धडधाकट, पंचवीस वर्षांपूर्वीचा. आवाज नाही. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि हात हलवला. बंद कर, बंद कर, असा. मी धावत जाऊन भिंतीतली पिन उपटली. पिन माझ्या हातात होती, एजे! आणि तो चादरीवर उभाच."

एसेनबायनं पुटपुटत दुवा म्हटला.

"कुठला हात हलवला?" मैरामकाननं विचारलं.

"तेच तर! गवत कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. चादरीवर मात्र उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. आमची आई म्हणायची, मेलेल्यांचं सगळं उलटं होतं."

"आणखी काय दिसलं?"

"त्याच्या डोक्यावर कमानीसारखं काहीतरी, त्यावर अक्षरं. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एक अक्षर वाचता आलं नाही. आपली नव्हतीच ती. तिकडचीच असावीत." ती थांबली. "आणि कोल्ह्याच्या कातड्याची टोपी. पांढऱ्या शेपटीची."

मैरामकाननं कप खाली ठेवला.

"त्या टोपीचं काय?"

"एका लग्नात वराकडच्यांनी मानाची म्हणून दिली होती. संध्याकाळी उघड्या डोक्यानं घरी आला. म्हणाला, बर्फात हरवली. एकच दिवस त्याच्याकडे होती ती. मी तर कधी पाहिलीसुद्धा नाही, नुसतं वर्णन ऐकलं."

"कुठलं लग्न?"

"वरच्या गावातलं. नव्व्याण्णवच्या हिवाळ्यातलं."

मैरामकान ते साल स्वतःशी पुटपुटली. मग उठून तिनं कोट घातला.

"उरलेल्या टेप कुणाच्या हाती देऊ नका. कपाटाची किल्ली कुठे असते?"

सोनुनबूबूनं गळ्यातली दोरी दाखवली. "अकरा जाळल्या. बारावी उचलली तर तिच्यावर त्याच्या हातचा आकडा दिसला. मग नाही जाळवलं."

*

घर गल्लीच्या टोकाला होतं. एसेनबाय आत शिरला तो भिंतीला धरूनच. छताला टांगलेला प्रोजेक्टर त्याला वटवाघळासारखा वाटला, आणि ती पांढरी चादर कफनासारखी. तिच्याकडे पाठ करायचा त्याला धीर होईना.

मैरामकान मात्र चादर उचलून मागची खिडकी बघत होती. पलीकडे काचांचा व्हरांडा. तिथे शेगडी नाही, विजेचं बटण नाही; हिवाळ्यात घरातलं मांस, लोणी, मुरंबे तिथेच ठेवायचे. खिडकीच्या प्रत्येक काचेवर पलीकडून बर्फाची जाड नक्षी होती. एकीवर मात्र बर्फ अगदी पातळ, कालपरवा धरल्यासारखा.

व्हरांड्याचं दार अंगणात उघडत होतं. त्याला नुसता लोखंडी आकडा अडकवलेला.

"हा कोणालाही काढता येईल?"

"आमच्या गल्लीत कुलूप कोण लावतो, एजे?"

एसेनबायला भूक लागली होती. भीती वाटली की त्याला नेहमीच भूक लागायची. फळीवर लोण्याचं मडकं दिसलं तसं त्यानं बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"लोणी खराब झालंय. अर्धं वितळून पुन्हा गोठलंय. एका बाजूनंच."

"वितळलंय?" मैरामकान जवळ आली. "इथे? या थंडीत?"

"उंदीर असतील," एसेनबाय म्हणाला.

"उंदरांनी फुंकर घातली असेल," ती म्हणाली आणि मडक्याकडे बघत राहिली.

गाडीत बसल्यावर एसेनबायनं घसा खाकरला. "मला वाटतं अझात. यंत्रातलं फक्त त्यालाच कळतं."

"वीज नव्हती, एसेनबाय. पिन बाईच्या हातात होती."

"मग… मग खरंच तो आला होता?"

मैरामकाननं काचेबाहेर बघितलं. "नव्व्याण्णव साली वरच्या गावात एक लग्न झालं. त्याच संध्याकाळी चोलपोन नावाची अठरा वर्षांची मुलगी रस्त्यावर मेलेली सापडली. गाडीनं उडवलं होतं. ती लग्नातून घरी चालली होती. तपास माझ्याकडे होता. गाडीवाला सापडला नाही. पण तो थांबला होता, हे मला माहीत होतं. तिच्या डोक्याखाली त्यानं एक टोपी सारली होती. कोल्ह्याच्या कातड्याची, पांढऱ्या शेपटीची. ती कोणाची, हे गावात कोणीच सांगितलं नाही."

एसेनबायनं करकचून ब्रेक दाबला.

"म्हणजे जाकिपनंच…?"

"चल बाजारात."

*

अझात गाळ्यात वाकून कुठल्याशा तारेला सोल्डरचा डाग देत होता. तीस वर्षांचा, बोटं काळी, डोळे लाल.

"काकूला घाबरवून मला काय मिळणार? मीच तर बसवून दिलं सगळं."

"लोक म्हणतात, तूच करू शकतोस."

"लोक म्हणतात, टीव्ही फुटला तरी अझातनं फोडला!" तो चिडून म्हणाला. "करायचंच असतं तर नीट केलं असतं. हात काय उलटा दाखवला असता? चित्र डावं-उजवं फिरवायचं बटण असतं, शेंबड्या पोरालाही सापडेल. आणि मंगळवारी मी सात वाजेपर्यंत इथेच होतो. समोरच्या चपलावाल्याला विचारा."

चपलावाल्यानं मान डोलावली.

गुलशारा अंगणापलीकडच्या घरात राहायची. ती पीठ मळत होती, आणि बोलतानाही थांबली नाही.

"मी आधीच सांगितलं होतं वहिनीला. मेलेल्या माणसांना भिंतीवर नाचवू नये. जाळून टाक म्हटलं. चुकलं का माझं?"

"तुम्ही काय पाहिलंत?"

"दादा दिसला. किंकाळी फोडून मी तोंडावर रुमाल ओढला."

"वर अक्षरं होती?"

"होती खरी, उलटीसुलटी. मी कुठली वाचते? देवाघरची लिपी, देवालाच ठाऊक."

"त्या वेळी तुम्ही वहिनीशेजारी होतात?"

"तिच्या मांडीवर म्हणा! अजून तिच्या दंडावर माझ्या नखांच्या खुणा आहेत."

"हे कोणाला सांगितलंत?"

"गल्लीत सगळ्यांना. आणि कुबातला. तो दुसऱ्याच दिवशी विचारपूस करायला आला होता बिचारा."

कुबातची लाकडाची वखार होती. पन्नाशीचा, भारदस्त, बोलायला मऊ. तरुणपणी तो जाकिपबरोबर दुसरा कॅमेरा घेऊन हिंडायचा. त्यानं दोघांना शेगडीजवळ बसवलं, तळलेल्या बोरसोकांची ताटली पुढे सरकवली.

"फार वाईट वाटलं ऐकून. जाकिप बाइके मला थोरल्या भावासारखे. त्यांचा जीव अडकलाय त्या टेपांत, दुसरं काही नाही. 'जोडीनं म्हातारे व्हा' लिहिलेल्या कमानीखाली उभे राहून हात हलवत होते म्हणे. आणखी काय सांगायचं माणसानं? मी वहिनींना म्हटलं, तुम्हाला जाळवत नसतील तर माझ्याकडे द्या. इथली भट्टी मोठी आहे, धूरही बाहेर जातो."

"सगळ्या लग्नांना तू असायचास?"

"बहुतेक. नव्व्याण्णवला सोडलं काम. शेवटच्या लग्नाला तर तापानं अंथरुणात होतो."

"कुठल्या?"

"वरच्या गावातल्या," कुबात म्हणाला आणि आगीत लाकूड सारू लागला.

एसेनबायनं चौथा बोरसोक खाल्ला. माणूस त्याला आवडला होता. बाहेर आल्यावर तो तसं म्हणालाही.

"मलाही तो आवडला," मैरामकान म्हणाली. "त्याचंच भय वाटतं."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैरामकाननं सगळ्यांना सोनुनबूबूच्या घरी बोलावलं. गुलशारा जपमाळ घेऊन आली. कुबात आल्या आल्या बर्फ झटकत म्हणाला, "वहिनी, गाडी आणलीय, टेप आजच घेऊन जातो." सोनुनबूबूनं मान खाली घातली. काल रात्री मैरामकाननं चोलपोनबद्दल सांगून तिच्याकडून एक टेप मागून नेली होती; तेव्हापासून एकच प्रश्न तिला खात होता, आणि तो तिनं एसेनबायच्या कानात विचारला : "त्या मुलीला माझ्या जाकिपनं तर…?"  त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. दोघांचेही हात गार होते.

"एजे कुठे आहेत?" त्यानं अझातला विचारलं.

"येतील. बसा," म्हणून अझात अंगणात गेला.

सहा वाजले. फट्‌ आवाज झाला आणि घरभर अंधार पसरला.

 शेगडीत एक निखारा फुटला. 

मग चादर उजळली.

आधी नुसता फिका, थरथरता चौकोन. मग त्यात अक्षरं उमटली. काळी, मोठी, कुठल्याच भाषेतली नसलेली. गुलशारानं किंकाळी फोडली. एसेनबाय ताडकन उठला. मेलेल्या आईला त्यानं मनातल्या मनात हाक मारली.

"वाचा," आवाज आला. चादरीतूनच. "गुलशाराबाई, वाचा."

"नाही येत! माफ कर, दादा, नाही येत!"

"सोनुनबूबू एजे?"

"नाही…"

"कुबात, तू वाच."

कुबात पुढे झुकला. ओठ हलले, शब्द आला नाही.

"का रे? काल तर घडाघडा वाचलीस."

सोनुनबूबूनं चादर बाजूला ओढली आणि खिडकीच्या काचेपलीकडे मैरामकानचा चेहरा दिसला. अझातनं अंगणातलं मुख्य बटण पुन्हा वर केलं आणि तो आत आला. दिवे लागले. ती व्हरांड्यातून वळसा घालून आत आली. तिच्या हातात विटेएवढा प्रोजेक्टर होता.

"अझातच्या गाळ्यातला. असले कुठेही मिळतात. बॅटरीवर दोन तास चालतो," ती म्हणाली. "एसेनबाय, बस खाली. घाम पूस."

"एजे, माझा जीव गेला असता!"

"गेला नाही ना? मग ऐक. मंगळवारी घरातलं प्रत्येक यंत्र मेलेलं होतं. तरी चित्र आलं. म्हणजे ते या बाजूनं आलंच नव्हतं. चादरीमागे खिडकी, खिडकीमागे व्हरांडा. कोणीतरी एका काचेवरचा बर्फ खरवडला आणि तिथून उजेड टाकला. ही यंत्रं मागून गरम हवा फेकतात. मागच्या फळीवरचं लोणी एका बाजूनं वितळलं. पातळ चादरीवर मागून चित्र टाकलं की पुढून ते उलटं दिसतं. डावा हात उजवा होतो, आणि अक्षरं परलोकातली होतात."

"मग अझातच!" गुलशारा म्हणाली.

"अझातला उलटं चित्र सुलटं करायला एक क्षण लागतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी पाहिलं. हे करणाऱ्याला चूक कळलीच नाही, कारण तो मागे उभा होता. त्याच्या बाजूनं सगळं सरळ दिसत होतं." ती कुबातकडे वळली. "या खोलीत दोन बायका होत्या. एकीला वाचता येत नाही, दुसरीला वाचता आलं नाही. कमानीवर 'जोडीनं म्हातारे व्हा' लिहिलंय, हे त्या संध्याकाळी फक्त व्हरांड्यातून वाचता येत होतं."

कुबात हसायचा प्रयत्न करत होता. "लग्नाच्या कमानीवर दुसरं काय लिहितात, एजे? मी अंदाजानं बोललो."

"लग्नाची कमान आहे, हे तरी कोणी सांगितलं? या दोघींना नुसती न वाचता येणारी अक्षरं दिसली. आणि जाकिप स्वतःचं चित्र कोणाला काढू देत नसे. कोणी कॅमेरा रोखला की हात हलवायचा, बंद कर म्हणून. त्या दिवशीही हलवला. टोपी त्याच्याकडे एकच दिवस होती, म्हणजे हे चित्र वरच्या गावातल्या लग्नातलं. दुसरा कॅमेरा कोणाच्या हातात होता? तापानं पडलेल्या माणसाच्या?"

मैरामकान अझातकडे वळली.

"अझात, जोड."

अझातनं पिवळी, लाल, पांढरी वायर खोचली. डबीचा लाल दिवा लागला. जाकिपनं टेपांवर फक्त आकडे घातले होते. कुठला आकडा कुठल्या लग्नाचा, ते त्याच्या वहीत होतं आणि वही सोनुनबूबूच्या उशीत. मैरामकाननं एकशे तेरा नंबरची टेप यंत्रात सरकवली. सोनुनबूबूनं डोळे मिटून घेतले.

"उघडा डोळे," मैरामकान हळूच म्हणाली. "मी आधी पाहिलीय."

चादरीवर बर्फानं भरलेलं अंगण आलं. पाहुणे, वाफाळती पातेली, नाचणाऱ्या मुली. मग एक तरुण कॅमेऱ्यासमोर आला, गालांवर दारूची लाली, हातात गाडीची किल्ली. कॅमेऱ्यामागून दोन बोटं नसलेला हात पुढे आला आणि त्यानं कोल्ह्याची टोपी त्या तरुणाच्या डोक्यावर ठेवली. "घाल, कान गोठतील," जाकिपचा आवाज म्हणाला. तरुण हसला, गाडीत बसला आणि फाटकातून बाहेर पडला. त्याच रस्त्यावर पुढे एक मुलगी एकटी चालत होती, ठिपक्याएवढी.

तो तरुण कुबात होता.

पन्नाशीचा कुबात गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "टोपी तिच्या डोक्याखाली ठेवली. ती श्वास घेत होती."

एसेनबायला वाटलं, चादरीवर कोणी मेलेला आला असता तर बरं झालं असतं. हे वाक्य त्याहून भयंकर होतं.

"श्वास घेत होती, आणि तू निघून गेलास?" मैरामकाननं विचारलं.

"चोवीस वर्षांचा होतो. घाबरलो. दुसऱ्या दिवशी बाइकेनी विचारलं, टोपी कुठाय? मी काही बोललो नाही. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नंतर त्यांना कळलंच, टोपी कुठे सापडली ते."

"म्हणजे त्याला माहीत होतं," सोनुनबूबू म्हणाली. "पंचवीस वर्षं. माझ्या शेजारी झोपत होता, आणि त्याला माहीत होतं." ती रडली नाही. थोड्या वेळानं ती उठली आणि कुबातसमोर उभी राहिली. "त्यानं तोंड उघडलं नाही, हे त्याचं पाप. ते मी निस्तरीन. तू मात्र मी टेप जाळाव्यात म्हणून माझ्या मेलेल्या माणसाला माझ्यावर सोडलंस. चल, पोलिसांत जाऊ. मी येते बरोबर."

कुबात मुकाट्यानं उठला. दारात त्यानं टोपी घातली नाही.

*

चोलपोनची आई आसीलकान अजून वरच्या गावात राहत होती. रविवारी एसेनबायनं अझातला, त्याच्या यंत्रांना आणि सोनुनबूबूला तिथे नेलं. मैरामकान आधीच येऊन म्हातारीजवळ बसली होती.

आसीलकाननं खटल्याचं विचारलं नाही, शिक्षेचं विचारलं नाही. "माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे," ती म्हणाली. "शाळेतला. हसत नाहीये त्यात."

अझातनं चुन्याच्या भिंतीसमोर प्रोजेक्टर ठेवला, डबी जोडली, वायरी खोचल्या. नाचणाऱ्या मुलींमध्ये हिरव्या रुमालाची एक उंच मुलगी होती. ती गोल फिरली, घसरली, मैत्रिणीच्या गळ्यात पडली. तोंड उघडं, पण आवाज नाही.

"थांबा, पांढरी वायर सैल आहे," अझात ओशाळून म्हणाला आणि त्यानं ती दाबून बसवली.

खोलीत हसू भरलं. मोकळं, मोठं, मध्येच घोगरं होणारं.

आसीलकान भिंतीजवळ गेली. मुलीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर, रुमालावर, हातांवर पडला. सोनुनबूबू खिडकीपाशी उभी होती. म्हातारीनं मागे न बघता हात पुढे केला आणि तिला आपल्याजवळ ओढलं.

अकरा सेकंदांत मुलगी भिंतीवरून निघून गेली.

"पुन्हा लाव, बाळा," आसीलकान म्हणाली.